पाच एकर, चार घोडे: कुरण सुधारण्याच्या नोंदी

दिवस १

आज सगळं कुरण पायी फिरलो. पाच एकर, एकच सलग तुकडा, त्यात चार घोडे वर्षभर मोकळे. शंभर पावलं सरळ चालायचं आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते लिहायचं, एवढीच पद्धत. तीन फेऱ्यांची सरासरी: ३१ पावलं उघडी माती, २७ तण, ४२ गवत.

गवतही दोनच प्रकारचं. एक तर जेमतेम दोन सेंटिमीटर, नाही तर गुडघाभर आणि राठ. गाय जिभेनं गवत वेटाळून तोडते, म्हणून तिच्या मागे थोडं तरी शिल्लक राहतं. घोड्याला पुढचे दात वर आणि खाली दोन्हीकडे असतात, त्यामुळे तो जमिनीलगत कातरतो. शिवाय जिथे लीद टाकतो तिथे तो खात नाही. म्हणून कुरणाचे दोन भाग पडतात: चाटलेला आणि राठ. हे वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला ‘गवत असमान उगवतंय’ म्हणत होतो.

घोड्यांची वजनं फितीनं काढली. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. तट्टाचा घेर १५०, लांबी १५३, वजन २९० किलो. थोरली घोडी ४३०, अबलख घोडा ४१०, तरणा घोडा ३८०. एकूण १,५१० किलो. रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला तर तीस किलो हवेत. एवढं या जमिनीत आज उगवत नाही, हे हिशेब न करताही दिसतं.

दिवस ३

फाटकाजवळ फावड्यानं वीस सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा काढला. वरच्या पाच सेंटिमीटरखाली माती पत्र्यासारख्या थरांत बसलेली. मुळं तिथपर्यंत गेलेली आणि आडवी वळलेली. गांडूळ एक. तसाच ठोकळा कुंपणाबाहेर, जिथे घोड्याचा पाय कधी पडत नाही तिथे काढला. माती हातात रव्यासारखी मोकळी झाली, गांडुळं अकरा. जमीन तीच, पाऊसही तोच.

पाणी मुरण्याची चाचणीही केली. पंधरा सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं कडं जमिनीत ठोकायचं आणि ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं. हा साधारण २५ मिलिमीटर पाऊस झाला. कुंपणाबाहेर चार मिनिटांत मुरलं. फाटकाजवळ पन्नास मिनिटं लागली.

माती तपासणीसाठी वीस ठिकाणचे नमुने एकत्र करून पाठवले.

दिवस ११

उघड्या जागांवर १८ किलो बी फेकलं.

दिवस २६

बी वाया गेलं. घट्ट जमिनीच्या वरच पडून राहिलं, निम्मं पाखरांनी खाल्लं. जे उगवलं ते घोड्यांनी मुळासकट उपटलं. चूक साधी आहे: जमीन उघडी का पडली ते कारण तसंच ठेवून मी वरून बी टाकलं. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी बियाणं सगळ्यात शेवटी आणावं.

दिवस २९

मातीचा अहवाल आला आणि तोही निरुपयोगी ठरला, कारण मी चाटलेल्या आणि राठ भागाचे नमुने एकाच पिशवीत घातले होते. दोन्ही वेगळे करून पुन्हा पाठवतोय. जवळजवळ चार आठवडे गेले.

दिवस ४४

वेगवेगळे अहवाल आले. चाटलेल्या भागात सामू (pH) ५.५, म्हणजे माती आम्लधर्मी, आणि पालाश (पोटॅश) कमी. राठ भागात पालाश कितीतरी जास्त. म्हणजे घोडे एका ठिकाणी खातात आणि दुसऱ्या ठिकाणी टाकतात. जमिनीतलं अन्न ते वर्षानुवर्षं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहून नेत होते, आणि मी सगळीकडे सारखं खत पसरत होतो. आता चुना फक्त चाटलेल्या भागाला. राठ भागाला काहीही नाही. चुना पावसानं धुऊन मातीत जाईपर्यंत त्या भागात घोडा सोडायचा नाही.

दिवस ५८

या सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे कोरडं आवार. कुरणाला विश्रांती द्यायची तर घोड्यांना दुसरीकडे कुठेतरी उभं राहायला हवं, आणि ती जागा कोंडवाड्यासारखी असता कामा नये.

पहिला प्रयत्न फाटकाशेजारी केला, कारण तिथून चारा नेणं सोपं. जागा सखल होती. पहिल्याच जोरदार सरीत घोटाभर पाणी. सगळं उखडून चढावर नेलं, त्यात नऊ दिवस गेले.

आता वीस मीटर बाय तीस मीटर. सगळ्या सहाशे चौरस मीटरवर खडी टाकायची तर नव्वद घनमीटर लागली असती, ते झेपणारं नव्हतं. म्हणून जिथे पाय जास्त पडतात तेवढाच भाग घेतला: पाणी, चारा आणि फाटकाभोवतीचे दोनशे चौरस मीटर. वरची सुपीक माती पंधरा सेंटिमीटर काढून कुरणातल्या खड्ड्यांत टाकली. मग जाड विणीचं जमिनीवर अंथरायचं कापड, त्यावर पंधरा सेंटिमीटर जाड खडी दाबून, आणि वर बारीक कच. एका कोपऱ्यात कापड कमी पडलं म्हणून तसंच खडी टाकली. दोन आठवड्यांत ती खडी चिखलात गडप झाली. कापडाशिवाय खडी टाकू नका.

चाऱ्याची ठिकाणं पाच ठेवली, घोड्यांपेक्षा एक जास्त. चार ठेवली तेव्हा थोरली घोडी तट्टाला दोन ठिकाणांहून हाकलायची. निवाऱ्याला दोन वाटा आहेत, एक अडली तर दुसरीनं निघता येईल अशा. चौघांनाही एकमेकांच्या अंगाला अंग लावता येईल इतकं जवळ ठेवलंय. वेगळा ठेवलेला घोडा कुंपणाच्या कडेकडेनं दिवसभर चालतो आणि त्या एका वाटेची माती दगड करून टाकतो. एकट्या घोड्याचं दुःख पायाखालच्या जमिनीतही दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय.

दिवस ६७

जुनी काटेरी तार काढली, तीन दिवस लागले. कुरणाचे सात तुकडे पाडले. सुरुवातीला मध्ये एकच बारीक विद्युत तार लावली होती. तरण्या घोड्याला ती दिसलीच नाही, धावत आला आणि तोडून गेला. पुढच्या पायाला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. आता चार सेंटिमीटर रुंद पांढरी पट्टी, दोन ओळींत. पाण्याकडे जाणारी वाट दोन मीटर ठेवली होती. तिथे एकमेकांना अडवून लाथाळी झाली, म्हणून पाच मीटर केली.

दिवस ७१

चराई सुरू. नियम भिंतीवर लिहिलेत. गवत पंधरा ते वीस सेंटिमीटर झालं की आत, सात-आठ सेंटिमीटरवर आलं की बाहेर. आणि वाफसा नसेल तर कोणीही आत नाही. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा होऊन बोटांमध्ये फितीसारखी लांबत असेल तर फाटक बंद. शेतकरी वाफसा नसताना औत घालत नाही. चारशे किलोचं जनावर चार टापांवर चालतं, तर त्यालाही तोच न्याय हवा.

दिवस ८४

लिदीची तपासणी. आजवर दर दोन-तीन महिन्यांनी चौघांनाही जंताचं औषध देत होतो. या वेळी आधी अंडी मोजून घेतली. दर ग्रॅम लिदीत थोरली घोडी ५०, अबलख ०, तट्टू १५०, तरणा घोडा १,१५०. म्हणजे कुरणातली जवळपास सगळी अंडी एकट्याची. डॉक्टरांनी सांगितलं की असंच असतं, थोडेच घोडे बहुतेक अंडी टाकतात. उपचार साधारण २०० च्या वर गेलेल्यालाच. चौदा दिवसांनी त्याचीच पुन्हा मोजणी करायची. औषध लागू पडलं की नाही ते त्याशिवाय कळत नाही. पट्टकृमी आणि आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या मोजणीत दिसत नाहीत, त्यांचा विचार डॉक्टर वर्षातून एकदा वेगळा करणार.

औषध दिल्यावर तरणा घोडा काही दिवस सोबत्यांसह आवारातच ठेवला. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशक औषधांचा अंश लिदीतून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. हीच लीद जमिनीत नेऊन पुरणारे मजूर आपणच मारत होतो, दर दोन-तीन महिन्यांनी, चार घोड्यांच्या लिदीतून.

दिवस ९२

चूक. रिमझिम चालू असताना लिदीचे ढीग दाताळ्यानं फोडून पसरवले. ओल्या, उबदार दिवसांत जंतांच्या अळ्या लिदीतून गवतावर चढतात. मी त्यांना साऱ्या तुकड्यावर नेऊन सोडलं. लीद पसरवायची तर कडक उन्हात, कोरड्या हवेत, आणि त्यानंतर तुकडा बंद ठेवून. आता आठवड्यातून दोनदा उचलतो. चौघांची रोज साठ-सत्तर किलो होते, पण आता निम्मी आवारातच पडते. एका खेपेला पन्नास मिनिटं.

खताचा पहिला ढीग कमरेइतकाही नव्हता, तापलाच नाही. दुसरा दीड मीटर उंच आणि तेवढाच रुंद रचला. पाणी इतकं की मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्यासारखं वाटावं. पाचव्या दिवशी आत ६१ अंश सेल्सिअस. चार वेळा उलथला, कारण बाहेरचा भाग आत गेल्याशिवाय त्यातली अंडी आणि तणाचं बी मरत नाही.

दिवस ११८

पहिल्या तुकड्यात मी नियम मोडला होता. घोडे बाहेर काढायला उशीर झाला आणि गवत पाच सेंटिमीटरवर आलं. दुसरा तुकडा बरोबर आठवर बंद केला. आज हिशेब मांडला. दुसरा २८ दिवसांत पुन्हा चरण्याजोगा झाला. पहिल्याला ४७ दिवस लागले. तीन सेंटिमीटरसाठी एकोणीस दिवस मोजले. पान निम्म्याहून जास्त गेलं की मुळांची वाढ थांबते, आणि गवत आपल्याच साठ्यातून नवं पान काढत बसतं.

दिवस १२६

तट्टू आजारी आहे. ही नोंद लिहायला जड जातंय, पण इतरांसाठी लिहायलाच हवी.

चार दिवस रात्री थंड आणि दिवसा लख्ख ऊन होतं. पाचव्या तुकड्यात कोवळं, सुंदर गवत आलेलं. चौघांनाही दिवसभर सोडलं. काल संध्याकाळी तट्टू पुढचे पाय आळीपाळीनं उचलत होतं. आज सकाळी वळायला तयार नाही, वजन मागच्या पायांवर टाकून उभं. पुढचे खुर गरम, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी बोटाला धडधडत लागते. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह. डॉक्टर तासाभरात आले. गवत पूर्ण बंद, पायाखाली जाड मऊ अंथरूण, खुरांना बर्फ, दुखणं कमी करणारं औषध, आणि वाळलेलं गवत पाण्यात भिजवून मोजून.

माझे दोन समज चुकीचे होते. पहिला म्हणजे आखूड गवत सुरक्षित असतं. तट्टू जाड होतं म्हणून मी त्याला मुद्दाम चाटलेल्या भागात ठेवत असे. पण सतत कातरलेलं, ताणाखालचं गवत घासागणिक साखरेनं भरलेलं असू शकतं. दुसरा समज, पहाट नेहमीच चांगली. उन्हात गवत साखर बनवतं आणि रात्री वाढीसाठी वापरतं, म्हणून पहाटे ती सगळ्यात कमी असते हे खरं. पण रात्र फार थंड असेल तर वाढ थांबते आणि साखर पानातच राहते. त्या चार सकाळी मी निर्धास्त होतो.

मानेवरची चरबीची कड गेले सहा महिने कडक होत होती. रोज हात फिरवत होतो आणि लिहून काही ठेवत नव्हतो. आता चौघांच्याही अंगाची नोंद दर पंधरवड्याला, एक (अगदी हडकुळा) ते नऊ (फार लठ्ठ) गुणांच्या मापावर. हे माप १९८३ मध्ये अमेरिकी संशोधक डॉन हेनेके यांनी मांडलं. बरगड्या, मान, खांदा, पाठ, शेपटीचं मूळ अशा सहा जागी हातानं चाचपायचं. चार-पाच ठीक. तट्टू आठवर आहे.

दिवस १५०

तट्टू मोकळं चालतंय. नालबंद दोनदा येऊन गेले, खुरांचा पुढचा भाग कमी केला. आता ते आवारातच राहतं, बारीक जाळीतून वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे भिजवण्याआधी तोललेलं सुमारे पाच किलो वाळलेलं गवत. त्याखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही, उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे. सोबतीला रोज आळीपाळीनं एक घोडा आत थांबतो. माझं काम वाढलं, पण ते एकटं हंबरडे फोडत नाही.

दिवस १६३

विषारी झाडांसाठी खास फेरी. कुंपणालगत कुणीतरी कण्हेर छाटून फांद्या तिथेच टाकल्या होत्या. उभी कण्हेर कडू म्हणून घोडा सहसा टाळतो, पण विष वाळल्यावरही जात नाही. सगळी पानं वेचून काढली. घाणेरी मुळासकट काढली. गाजर गवत फुलण्याआधी उपटलं, हातमोजे घालून.

एका विक्रेत्यानं भरघोस उत्पन्नाचं मिश्र बी देऊ केलं होतं. त्यात सुदान गवत होतं. ज्वारीच्या जातीचं हिरवं गवत घोड्यांना नको, त्यानं मूत्राशय आणि मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. परत केलं.

दिवस १७९

विकत आणलेल्या चाऱ्यावरच्या लिदीचं खत एका कुंडीत टाकून घेवडा लावला होता. पानं मुडपून चमच्यासारखी झाली. चाऱ्याच्या शेतात कुणीतरी टिकाऊ तणनाशक मारलेलं असणार. अशी काही तणनाशकं घोड्याच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही तशीच बाहेर येतात. तीन घनमीटर खत बाजूला ठेवलं, ते गवतावरच जाईल, बागेत नाही. घेवड्याची ही चाचणी प्रत्येक ढिगाला करावी. दोन-तीन आठवडे लागतात, बाकी काही नाही.

दिवस १९०

राठ भागासाठी तीन गाई तीन आठवड्यांसाठी आणल्या. घोडा टाकतो ते गवत गाय खाते, आणि घोड्याचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत. तुकडा सपाट झाला, खालून नवं पान दिसू लागलं. मात्र गाईंचा खुराक दूर, बंद खोलीत. काही खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला चालतं, घोड्याच्या हृदयाला थोडंही घातक.

दिवस २१२

पुन्हा बी. या वेळी चाळीस दिवस बंद ठेवलेल्या तुकड्यात, वाफशावर, माती हलकी खरवडून, एक सेंटिमीटरवर पेरून वरून रूळ फिरवला. तीन जातींची गवतं आणि खोल मुळांच्या, रुंद पानांच्या थोड्या वनस्पती. बी सहा किलो, पहिल्या वेळच्या एक तृतीयांश.

दिवस २५५

नव्या गवताचा झुपका चिमटीत धरून घोड्यासारखा ओढला. मूळ वर आलं. अजून बंद.

कुंपणालगतचा एक दशांश भाग कापायचा नाही असं ठरवून सहा महिने झाले. तिथे गवत बीवर आलंय, पहाटे कोळ्यांच्या जाळ्यांवर दव असतं, आणि बी टिपणारी पाखरं रोज. चौथ्या तुकड्यात जमिनीवर अंड्यांचं घरटं सापडलं. पिल्लं उडेपर्यंत तो तुकडा पंचवीस दिवस बंद ठेवला, चाऱ्याचं गणित थोडं बिघडलं, बिघडू दिलं.

आणि शेणकिडे आले आहेत. लिदीचा ढीग उलटला तर खाली पेन्सिलीएवढी भोकं, कडेला ताजी उकरलेली माती. तरण्या घोड्याला औषध दिल्याला साडेपाच महिने झाले. त्या तुकड्यात लीद उचलायला मी मुद्दाम दोन दिवस उशीर करतो.

दिवस २८३

सलग पाऊस. घोडे अकरा दिवस आवारात. नवव्या दिवशी तरणा घोडा निवाऱ्याचं लाकूड कुरतडू लागला, माझा जीव कळवळला आणि दोन तासांसाठी सोडलं. तिसऱ्या तुकड्याचा पाव भाग चिखल झाला. तिथे कड्यातलं पाणी सात मिनिटांत मुरत होतं, आज तेवीस. कंटाळ्यावर उपाय आवारातच शोधायला हवा होता. तो नंतर केला: चारा पाच ठिकाणी लांब लांब, जाळ्या दोन पदरी, झाडाच्या फांद्या सोलायला, आणि रोज लगाम धरून दोन फेऱ्या. कुरतडणं थांबलं.

दिवस २९८

पेरलेल्या तुकड्यात ओढून पाहिलं, पान तुटलं आणि मूळ जागेवर. तरण्या घोड्याला आणि अबलखाला आधी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत दहा दिवसांत पूर्ण वेळ.

दिवस ३३४

पुन्हा शंभर पावलं, त्याच तीन फेऱ्या. उघडी माती ९, तण १८, गवत ७३. फाटकाजवळ पाणी आता एकोणीस मिनिटांत मुरतं, ठोकळ्यात गांडुळं चार. पत्र्यासारखा थर अजून आहे, पण त्यातल्या भेगांमधून पांढरी मुळं खाली गेलेली दिसली. लिदीतली जंतांची अंडी: तरणा घोडा ३००, बाकी तिघे १०० च्या आत. त्याच्या पहिल्या उपचारानंतर चौदाव्या दिवशी शून्य आलं होतं. तट्टू २५८ किलो, अंगाचे गुण सहा.

पाच एकरांत चार घोड्यांचं पोट अजूनही वर्षभर भरत नाही. निम्मा चारा विकतच येतो. पाचवा घोडा ठेवा असं दोघांनी विचारलं, दोघांनाही नाही म्हटलं.

आवाराचा उरलेला भाग खडीचा करायचाय, कापडाचं माप घेतलं: चारशे चौरस मीटर, आणि जोडाच्या ठिकाणी हातभर एकावर एक. तिसऱ्या तुकड्याचा तुडवलेला पाव भाग पट्टीनं वेगळा केलाय. तिथे पुढचे साठ दिवस कोणी जाणार नाही.